मांडीवरचा तापलेला लॅपटॉप

ओपीडीत इंजिनीअरिंगचा एक मुलगा आला. डाव्या मांडीवर जाळीसारखे तपकिरी डाग. खाज नाही, दुखणं नाही. लॅपटॉप रोज तासन्‌तास मांडीवर. असे डाग पूर्वी शेगडीजवळ बसणाऱ्यांना पडत. ४३ ते ४७ अंशांची ऊब भाजत नाही, पण रोज लागली की त्वचा बिघडते.

तो म्हणाला, “सर, थर्मल पेस्ट बदलतो. कुठली घेऊ?”

सोनोग्राफीत आम्ही जेल लावतो, ते त्वचा आणि प्रोबमधली हवा घालवायला. प्रोसेसर आणि हीटसिंकमध्ये पेस्टचं काम तेच, कारण हवा उष्णता फार कमी वाहून नेते. लॅपटॉपला घट्टसर, वीज न वाहणारी पेस्ट बरी. पातळ पेस्ट गरम-थंड होता होता कडेला सरकते. गॅलियमच्या ‘लिक्विड मेटल’च्या वाटेला नवख्यानं जाऊ नये. त्यातून वीज वाहते आणि ते ॲल्युमिनियम खातं. साध्या पांढऱ्या पेस्टमध्ये बहुधा झिंक ऑक्साइड असतं, आमच्या पुरळाच्या मलमातलंच. (म्हणून मलम तिथे लावू नका!)

मात्र पेस्टनं उष्णता नाहीशी होत नाही, चिपमधून बाहेर पडते. तेव्हा लॅपटॉप टेबलावरच हवा. डाग सहसा काही महिन्यांत फिकटतात. तिथे गाठ किंवा न भरणारी जखम दिसली, तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.