साखळीत पाऊल टाकण्यापूर्वी

डिचोली तालुक्यात 'साखळी' म्हटले की आधी गाव आठवते. हल्ली मात्र लग्नघरी, बारशाला, जत्रेच्या फेरीत वेगळीच साखळी कानी पडते. 'तुम्ही फक्त सहा माणसे जोडा, पुढचे आपोआप होते!' बोलणारा परका नसतो, आपलाच कोणी तरी असतो. म्हणून तर नाही म्हणणे जड जाते.

२०१२ साली गोव्यातील खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रकांवर चालणाऱ्या घरांची मिळकत आटली. अशा वेळी घरबसल्या पैसा देणारी योजना चटकन पटते. डिचोलीत राहणाऱ्या माझ्या भाच्याचेही तसेच झाले. ट्रक विकला गेला होता आणि बेळगावच्या मेहुण्याने योजना आणली. "दाजी, तीस हजारांचा संच घ्या, सहा जण आणा." पैसे मोडायचे होते ते मुलीच्या नावे पोस्टात ठेवलेले. भाचा कागद घेऊन आला. "मावशी, तू एकदा बघून सांग."

कागदावर वस्तूंपेक्षा गोलच जास्त. आम्ही वही घेऊन बसलो. एकाने सहा आणले, त्या सहांनी छत्तीस. सहाव्या पायरीवर ४६,६५६ माणसे लागतात. सातव्या पायरीवर २,७९,९३६. पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांची मिळून २०११ च्या जनगणनेतील वस्ती पावणेदोन लाखांच्या आत! आठव्या पायरीला पावणेसतरा लाखांच्या जवळ, आणि सगळ्या गोव्याची वस्ती साडेचौदा लाखांच्या आसपास. शिवाय साखळी कुठेही थांबली, तरी सहातले पाच जण शेवटच्या पायरीवरच असतात. त्यांच्याखाली कोणी नसते. वरच्यांना मिळणारा पैसा त्यांच्याच खिशातला.

घरोघरी जाऊन माल विकणे हा गुन्हा नव्हे. पण निव्वळ सभासद जोडण्यावर पैसा फिरवणाऱ्या योजनांना १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. चालवणाराच नव्हे, सभासद होणाराही त्यात अडकू शकतो. २०२१ च्या थेट विक्री नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली. 'स्पीक एशिया' अनेकांना आठवत असेल. अकरा हजार रुपये भरा आणि इंटरनेटवर सर्वेक्षणे भरून कमवा, असे सांगणाऱ्या या कंपनीविरुद्ध २०११ मध्ये मुंबईत गुन्हा नोंदवला गेला.

वाचकहो, अशी योजना दारी आली तर चार गोष्टी विचाराव्यात. सभासद न होणारे गिऱ्हाईक ही वस्तू याच भावाने घेईल का? पैसा मालाच्या विक्रीवर मिळतो की माणसे आणण्यावर? माल परत करून पैसे मिळण्याची मुदत लेखी आहे का? आणि आणणाऱ्याच्या पासबुकात वर्षभरात किती आले, किती गेले?

मेहुण्याने पासबुक दाखवले, हा त्याचा प्रामाणिकपणा. आलेल्या कमिशनपेक्षा संच, सभा आणि प्रवास यांवरच अधिक गेले होते. त्यानेही हा हिशेब कधी मांडला नव्हता. त्याला 'फसवा' म्हणणे सोपे होते, पण तो स्वतःच त्या पाचांपैकी एक होता. भाच्याच्या बायकोनेच शब्द सांभाळून सांगितले, "अण्णा, लेक्का सरि इल्ल." हिशेब जुळत नाही, एवढेच. भावाबद्दल एक वाकडा शब्द नाही.

दोन महिने त्याचा फोन आला नाही. चवथीला मात्र तो माटोळीचे सामान घेऊन आला. योजनेचा विषय ना त्याने काढला, ना कोणी.

नकार माणसाला द्यायचा नसतो, हिशेबाला द्यायचा असतो. शंका वाटल्यास ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतून आणि कन्नडमधूनही बोलता येते. पण त्याआधी घरातल्या शाळकरी मुलाला बोलवा आणि सहाचा गुणाकार करायला सांगा. पोस्टातली ठेव मोडण्यापूर्वी एवढा वेळ काढायलाच हवा.