पसारा करणाऱ्या पाहुण्याविषयी अभिप्राय

अजिंठा-वेरूळ पाहायला येणाऱ्यांना छत्रपती संभाजीनगरात घरातली खोली भाड्याने देणाऱ्या नव्या यजमानाला पाहुण्यांवर अभिप्राय लिहिणे अवघड जाते. एअरबीएनबी या संकेतस्थळावर अभिप्रायासाठी मुक्काम संपल्यापासून १४ दिवसांची मुदत असते. यजमान आणि पाहुणा दोघांनीही लिहिल्याशिवाय किंवा मुदत संपल्याशिवाय एकाचा अभिप्राय दुसऱ्याला दिसत नाही. त्यामुळे खरे लिहायला घाबरण्याचे कारण नाही. स्वच्छता, संवाद आणि घराचे नियम यांना वेगवेगळे तारे असतात. चुरगळलेली चादर, भरलेली कचऱ्याची बादली, लेण्यांतून आलेल्या बुटांची धूळ हा साधा वापर. त्यासाठी तारा कापणे अन्यायाचेच. गादीवर सांडलेला नान-खलियाचा रस्सा मात्र नोंदवावा. दिसले तेवढेच लिहावे, स्वभावावर शेरा मारू नये. भरपाई फोटोंसह वेगळी मागावी. वाईट अभिप्रायाची धमकी देऊन पैसे मागणे नियमबाह्य आहे.