मजबूत पोलादाचा सांधा : आर्क लावण्याआधीचे काम

टिपर, ट्रेलर व ट्रकच्या हौद्यांची दुरुस्ती करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांकडे साध्या लोखंडाबरोबर हाय टेन्साइल प्लेटही येते. साधे ई-250 पोलाद 250 मेगापास्कलपर्यंतचा ताण वाकून न जाता सोसते, तर टिपरच्या काही प्लेटा 700 किंवा त्याहून जास्त. दिसायला दोन्ही सारख्याच. म्हणून गिऱ्हाइकाला आधी ग्रेड विचारावी. नेहमीच्या सवयीने काम केले तर टाका छान दिसतो, गाडी जाते आणि दोन दिवसांनी टाक्याच्या कडेला चीर पडून परत येते. दोष मात्र रॉडला दिला जातो.

या चिरेमागे बहुधा हायड्रोजन असतो. गंज, तेल, रंग आणि ओलावा आर्कच्या उष्णतेने जळतात व त्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो. साधे लोखंड नरम, ते सहन करते. मजबूत पोलाद टाक्याशेजारी झटकन थंड होऊन कडक व ठिसूळ होते. तेथे हायड्रोजन साचला की काही तासांनी, कधी 48 तासांनंतरही, चीर फुटते. तेव्हा सांध्याच्या दोन्ही बाजूंस निदान 25 मिलिमीटर पट्टा चकचकीत होईपर्यंत घासावा. गॅसने कापलेली कड कडक झालेली असते, तिच्यावर खाचाही असतात; तीही ग्राइंडरने काढावी.

दहा-बारा मिलिमीटरच्या प्लेटला एका बाजूने व्ही मारताना एकूण कोन 60 अंशांच्या आसपास, तळाची फट 2 ते 3 मिलिमीटर ठेवतात. फट अरुंद राहिली तर तळ जुळत नाही. वरून काही कळत नाही, पण चीर तेथूनच सुरू होते. उलट, जास्त रॉड घातला की सांधा पक्का, ही समजूतही चुकीची. रुंद फटीत धातू जास्त, म्हणून उष्णता व आकुंचनाची ओढही जास्त. पाणी चढवून मजबूत केलेले पोलाद त्या उष्णतेने शेजारी नरम पडते. फटीत सळीचा तुकडा कोंबून वरून टाका मारणे तर साफ चूक.

कोकणात पावसाळ्यात प्लेट ओलीच असते. टॉर्चची ज्योत लावताच तिच्यावर घाम दिसतो. तो पूर्ण उडून प्लेट कोमट होईपर्यंत तापवावी. जाड प्लेटला याहून अधिक तापवावे लागते, किती ते कारखान्याच्या तक्त्यात पाहावे. 7018 रॉड पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, साधारण 300 ते 350 अंशांवर, भट्टीत सुकवूनच वापरावा.

मजुरी टाक्याच्या लांबीवर किंवा किलोवर ठरते, घासण्याचे पैसे कोणी देत नाही. म्हणूनच हे काम टाळले जाते. दर सांगतानाच ग्राइंडरचा वेळ त्यात धरावा.