स्टार्टर बंद, तरी वीज जिवंत!

चामोर्शी : तालुक्यातील धानाच्या बांधीला पाणी देणारा कृषिपंप असो वा शहरातील वातानुकूलित इमारतीचा अवाढव्य पंखा, थ्री-फेज मोटारीच्या स्टार्टरचे तत्त्व एकच. सुरू होताना मोटार नेहमीच्या ५ ते ७ पट प्रवाह खेचते. स्टार-डेल्टा स्टार्टर तो थेट जोडणीच्या एक तृतीयांशावर आणतो. भार वाढल्यास ओव्हरलोड रिले मोटार वाचवितो.

कारागिराला मात्र स्टार्टर वाचवीत नाही. लाल बटण दाबताच कॉन्टॅक्टर सुटतो व मोटार थांबते. स्टार्टरपर्यंत आलेली वीज कायम राहते. ‘ऑटो स्विच’ लावलेला पंप पुरवठा परतताच आपोआप सुरू होतो. इमारतीतील पंखाही थर्मोस्टॅट वा टायमरच्या इशाऱ्यावर अचानक फिरू लागतो. त्या क्षणी पट्टा बदलणाऱ्याचा हात आत असू शकतो.

म्हणूनच मोटारीजवळ तिन्ही फेज एकदम तोडणारा आयसोलेटर आवश्यक ठरतो. मोटारीजवळ सहज हाती येणारा स्विच असावा, ही अट १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही होती. दुरुस्तीपूर्वी आधी स्टार्टर बंद करावा, मग आयसोलेटर पाडून कुलूप लावावे, किल्ली स्वतःजवळ ठेवावी आणि तिन्ही फेज तपासूनच यंत्राला हात लावावा.