बिल पाहून पॅनेल पसरावेत

दिघीत आळंदी रस्त्याच्या आसपास दुमजली-तिमजली घरांची दाटी आहे. गच्चीवर पाण्याची काळी टाकी, जिन्याची खोली, कपड्यांच्या दोऱ्या. उरलेल्या जागेत सौर पॅनेल किती बसवायचे? सर्वाधिक अनुदान तीन किलोवॅटला, म्हणून तीनच बसवावेत असे अनेकांना वाटते. पण हिशेब बिलापासून मांडला की चित्र बदलते.

एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट मोकळी जागा लागते आणि त्यातून महिन्याला सरासरी 120 युनिट वीज मिळते. समजा, घराचा वापर 240 युनिट आहे. महावितरणचा दर पायरीपायरीने चढतो. पहिली 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 बरीच महाग. नेट मीटरमुळे सौर युनिट एकूण वापरातून वजा होतात, म्हणजे कात्री आधी वरच्या, महागड्या युनिटांना लागते. पहिल्या किलोवॅटची सगळी 120 युनिट महागड्या टप्प्यातली. दुसऱ्याची मात्र फक्त 20. बाकीची 100 स्वस्तातली. तिसऱ्याला वजा करायला काही उरतच नाही. त्याची शिल्लक पुढच्या महिन्यात जाते, पण मार्चअखेर उरलेल्या युनिटांना मिळतो तो किरकोळ भाव.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे अनुदानही असेच उतरते. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, कमाल 78,000. त्यासाठी सौरघट भारतीय बनावटीचेच हवेत. शिवाय अनुदान खात्यात येते ते यंत्रणा सुरू झाल्यावर. तोवरची रक्कम स्वतःची किंवा कर्जाची.

जागा निवडताना टाकी विसरू नये. पॅनेलमधले सिलिकॉनचे घट एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. एका घटावर सावली पडली की तो अख्ख्या रांगेचा प्रवाह अडवतो. बायपास डायोड तेवढा भाग वगळून प्रवाह पुढे नेतो, पण त्या भागाची वीज जातेच. पुण्याच्या अक्षांशावर वर्षाचा बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि टाकीची सावली उत्तरेला पडते. म्हणून पॅनेल टाकीच्या दक्षिणेला, दक्षिणेकडे तोंड करून बसवावेत. खालून वारा खेळायला जागाही ठेवावी. पॅनेलचे तापमान 25 अंशांच्या वर गेले की दर अंशामागे उत्पादन सुमारे 0.35 टक्क्याने घटते.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. लाइट गेली की ही यंत्रणाही बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला गच्चीवरच्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. बॅटरी जोडली तर दिवे चालतील, पण खर्च वाढेल.

तेव्हा कोटेशन मागवण्याआधी वर्षभराच्या वापराची बेरीज करा, तिला बाराने भागा आणि आलेल्या सरासरीला 120 ने. येईल तो आकडा ही तुमच्या गच्चीची कमाल मर्यादा. त्याहून थोडे कमी बसवले, तर पैसे लवकर सुटतील.