कुरणालाही हवा विसावा

स्तोत्र 23 मधील मेंढपाळ आपल्या कळपाला हिरव्या कुरणात नेतो. ते कुरण हिरवे कसे राहते, हा विचार मात्र आपण क्वचितच करतो. नागपूर व वर्धा जिल्ह्यांत गवळाऊ जातीच्या गाई पिढ्यान्‌पिढ्या चराईवर जगत आल्या आहेत. गावोगावच्या भूमिहीन कुटुंबांच्या शेळ्यांनाही गायरानाचाच आधार असतो. म्हणून हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

चराई ही मुळात कुरणाची शत्रू नव्हे. गवताचा वाढणारा कोंब जमिनीलगत असतो. त्यामुळे वरची पाती खाल्ली तरी ते पुन्हा फुटते. शेणकिडे शेण जमिनीत पुरतात. त्यायोगे खत मुळांपाशी पोहोचते व माती भुसभुशीत होते. पुढील कार्य गांडुळे, बुरशी आणि सूक्ष्म जीव करतात.

हानी होते ती विसाव्याअभावी. पहिल्या पावसानंतर कोवळ्या गवतावर रोज गुरे सुटली, तर मुळे आखूड राहतात, बी धरत नाही आणि मातीतील जीवांचे अन्न घटते. ओल्या काळ्या मातीवर खुरांचा दाब पडून तिची छिद्रे बुजतात. पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. गुरे पवन्या, मारवेल यांसारखी रुचकर गवते प्रथम संपवितात. ज्यांना ती तोंड लावत नाहीत, ती तरवड व रायमुनियासारखी झुडपे मोकळ्या जागी पसरतात. तथापि प्रत्येक झुडूप तोडणे हा उपाय नव्हे. बोरीच्या झुडपाखाली पालापाचोळा साचतो, ओल टिकते आणि मातीतील जीवांना आसरा मिळतो.

उपाय साधे आहेत. गायरानाचे तीन-चार भाग करून आळीपाळीने चराई करावी. दरवर्षी एक भाग गवताचे बी गळेपर्यंत बंद ठेवावा. रायमुनिया फळे धरण्यापूर्वीच मुळासकट काढावी. आयव्हरमेक्टिनसारख्या जंतनाशकाचा अंश शेणात उतरून शेणकिड्यांच्या अळ्या मरतात; म्हणून असे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.

सातव्या वर्षी भूमीला विसावा द्यावा, अशी आज्ञा लेवीय ग्रंथाच्या 25 व्या अध्यायात आहे. पोप फ्रान्सिस यांनीही 2015 साली ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात किडे, बुरशी व सूक्ष्म जीव यांच्या मोलाची आठवण करून दिली होती. कुरण राखण्यासाठी सर्व गावाचा होकार लागतो. आपल्या गावातील ख्रिस्ती कुटुंबांनी येत्या पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेत हा विषय मांडावा आणि गायरानावर अवलंबून असलेल्या कुटुंबांना विचारूनच बंद ठेवायचा भाग ठरवावा.