परसातील कोंबड्यांचे भक्षक प्राण्यांपासून संरक्षण : विद्युत कुंपण व इतर उपायांचा विचार
(विशेष संदर्भ : नांदेड व लातूर जिल्हे)

प्रस्तावना :

ग्रामीण कुटुंबाच्या अर्थव्यवस्थेत परसातील कोंबड्यांचे स्थान लहान दिसते, परंतु ते नगण्य नाही. सोयाबीन वा तुरीचा पैसा हंगामाला एकदा येतो आणि तो बहुधा कर्त्या पुरुषाच्या हाती पडतो. अंड्यांचा व कोंबड्यांचा पैसा आठवडी बाजाराला येतो आणि तो घरातील स्त्रीच्या हाती राहतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील ८५.१८ कोटी कुक्कुटवर्गीय पक्ष्यांपैकी सुमारे ३१.७० कोटी पक्षी परसातील होते. २०१२ च्या तुलनेत ही संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती.

या वाढीत शासकीय योजनांतून वाटल्या गेलेल्या सुधारित जातींच्या पिल्लांचा वाटा आहे. मात्र किती पिल्ले वाटली याचा हिशेब जितक्या काटेकोरपणे ठेवला जातो, तितक्या काटेकोरपणे त्यांतील किती अंड्यावर आली याचा ठेवला जात नाही. मधल्या काळात मानमोडी (राणीखेत) हा रोग आणि भक्षक प्राणी असे दोन शत्रू त्यांची वाट पाहत असतात. रोगावर लस आहे. भक्षकांवर मात्र ज्याला जे सुचेल तो उपाय केला जातो आणि त्यांपैकी एक उपाय माणसाच्याच जिवावर उठणारा आहे. हा उपाय कोणता, त्याऐवजी काय करता येते आणि विद्युत कुंपणाची खरी मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भिंतीतील खुराड्याकडून उघड्या परसाकडे :

मराठवाड्यातील जुन्या घराची भिंत दगड-मातीची व रुंद असे. ओट्याच्या पोटात किंवा भिंतीच्या जाडीत कोंबड्यांचे खुराडे ठेवलेले असे. त्याला एकच लहान दार आणि दाराला दगड वा फळी. दिवेलागणीला कोंबड्या आपण होऊन आत शिरत. लहान पिल्लांसह खुडूक कोंबडीवर बांबूचे डालगे पालथे घालण्याची पद्धत होती. घरे एकमेकांना लागून असल्याने कोल्ह्याला गावाच्या मध्यभागापर्यंत येण्याची सोय नव्हती. संरक्षणाची ही व्यवस्था इतकी सहज होती की तिला कोणी व्यवस्था म्हटले नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर जिल्ह्याच्या औसा व निलंगा तालुक्यांतील अनेक गावे नव्या जागी वसली. रुंद रस्ते, सुटे भूखंड, बारीक भिंतींची पक्की घरे अशी त्यांची रचना झाली. भूकंपात जड भिंतींनीच माणसे मारली होती, त्यामुळे हा बदल आवश्यकच होता. परंतु खुराडे भिंतीतून निघून परसाच्या कोपऱ्यात आले ते कायमचेच. भूकंप न झालेल्या गावांतही सिमेंटच्या घरांमुळे हेच घडले. पत्र्याचा तुकडा, चार विटा व वर दगड ठेवलेली फळी एवढेच आजच्या बहुतेक खुराड्यांचे रूप आहे. भोवती येडी बाभूळ वाढलेली असते आणि तीच मुंगसाची ये-जा करण्याची वाट होय.

दुसरा बदल कोंबडीतच झाला आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेल्या वनराज व ग्रामप्रिया या जाती परसासाठीच आहेत. भक्षकाला चटकन दिसू नयेत म्हणून रंगीत पिसारा आणि पळता यावे म्हणून लांब नळ्या हे गुण त्यांच्यात पाहिले गेले आहेत. तथापि योजनेतील पिल्ले साधारण चार आठवडे कृत्रिम उबेखाली वाढवून मग दिली जातात. घारीची सावली पडताच आई जो विशिष्ट आवाज काढते आणि गावरान पिल्ले क्षणात तिच्या पंखाखाली वा झुडपात दडतात, ते शिक्षण या पिल्लांना मिळालेले नसते. म्हणून अशी पिल्ले परसात आणल्यावर पहिले दोन-तीन आठवडे जाळीखालीच ठेवणे इष्ट होय. शक्य असल्यास त्यांच्यात एखादी वयस्क गावरान कोंबडी सोडावी.

भक्षक कोण आणि तो केव्हा येतो :

कोंबडी नाहीशी झाली की दोष बहुधा रानमांजरावर जातो. प्रत्यक्षात प्रत्येक भक्षकाची वेळ व रीत वेगळी असते. उपाय निवडण्यापूर्वी ती ओळखणे हे निम्मे काम आहे.

मुंगूस दिवसा हिंडते. रात्री खुराडे कितीही भक्कम बंद केले तरी मुंगसाचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण भर दुपारी घरातील माणसे शेतात गेली असता ते येते. मानेला व डोक्याला चावा घेतलेली, बाकी शरीर तसेच राहिलेली कोंबडी आढळल्यास संशय प्रथम मुंगसावर घ्यावा. अंडी फुटून कवचे पडलेली असणे हीदेखील त्याचीच खूण असू शकते. कवचाचा तुकडाही न राहता अंडी गेली असतील तर साप किंवा घोरपड यांचा विचार करावा, कारण ते अंडे अखंड गिळतात. रानमांजर संध्याकाळी, रात्री वा पहाटे येऊन एकच पक्षी उचलून नेते. कोल्हाही उचलूनच नेतो, मात्र पिसांची ओळ मागे राहते. एकाच रात्री अनेक कोंबड्या मारून, न खाता इतस्ततः टाकलेल्या दिसल्या तर ते काम बहुधा कुत्र्यांचे असते, आणि ते कुत्रे रानातले नसून आपल्याच गल्लीतले असते हे पुष्कळांना मान्य होत नाही. घूस खालून बीळ काढून पिल्ले ओढते. उदमांजर रात्री झाडावरून छपरावर उतरते. घार, शिक्रा व कावळा हे दिवसाचे शत्रू असून त्यांचा रोख मुख्यतः पिल्लांवर असतो.

भूगोलाचाही येथे संबंध आहे. किनवट व माहूरच्या डोंगराळ जंगलपट्ट्यात मोठे वन्यप्राणीही वस्तीजवळ येतात, तर लातूर जिल्ह्यात जंगल नाममात्र असल्याने तेथे मुंगूस, रानमांजर, कोल्हा व भटकी कुत्री हेच मुख्य होत. उसाचे फड हे कोल्ह्याला व रानमांजराला जंगलाइतकेच सोयीचे असतात. मांजरा काठच्या गावांत ऊसतोडीनंतर हे प्राणी आसरा हरवून वस्तीकडे वळण्याची शक्यता वाढते.

जिवंत तार व झटका यंत्र यांतील भेद :

रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी खांबावर आकडा टाकून उघड्या तारेत थेट वीज सोडण्याचा प्रकार ग्रामीण भागात चालतो. तीच कल्पना कोणी परसात आणू पाहतो. याला विद्युत कुंपण म्हणणे चूक आहे, तो सापळा आहे. घरगुती वीज २३० व्होल्टची आणि अखंड वाहणारी असते. ती शरीरातून जाऊ लागली की स्नायू आखडतात, तारेवरील पकड सुटत नाही आणि हृदयाची लय बिघडते. अशा तारेने मेलेल्यांत रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी असतो, कधी तार लावणारा स्वतःच असतो. परसात तर लहान मुलेच अधिक वावरतात.

शास्त्रीय विद्युत कुंपणाचे तत्त्व याच्या उलट आहे. गावात ज्याला झटका मशीन म्हणतात ते यंत्र बॅटरीतील किंवा सौर पट्टीपासून मिळालेली वीज साठवून सुमारे एका सेकंदाच्या अंतराने एकेक ठोका तारेत सोडते. ठोक्याचा दाब काही हजार व्होल्ट असतो, पण तो सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता टिकतो. मधल्या निवांत क्षणात प्राणी किंवा माणूस तारेपासून दूर होऊ शकतो. प्रमाणित यंत्रात एका ठोक्यातील ऊर्जेवर मर्यादा घातलेली असते. पाच ज्यूल ही त्याबाबत स्वीकारलेली कमाल मर्यादा असून परसातील कामाला अर्धा ते एक ज्यूल पुरेसा होतो. या तंत्राचा व्यापारी प्रसार न्यूझीलंडमध्ये १९३० च्या दशकात बिल गॅलाघर यांच्या यंत्रांनी झाला. तेथे प्रश्न गुरे आवरण्याचा होता. मुंगसासारख्या चपळ, सडपातळ प्राण्यासाठी ते तंत्र जसेच्या तसे उचलून चालत नाही.

नुसत्या ताणलेल्या तारांमधून मुंगूस निसटते. त्यामुळे आधी जाळी व मग तार हा क्रम पाळावा लागतो. षटकोनी छिद्रांची पातळ कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. खुराड्याला व खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळीच लावावी. जाळी जमिनीपाशी संपवू नये. बाहेरच्या बाजूस दीड फूट आडवी पसरून वर माती व दगड टाकावेत. उकरणारा प्राणी कुंपणाच्या पायथ्याशीच उकरू लागतो, एवढे मागे सरून सुरुवात करण्याचे त्याला सहसा सुचत नाही. झटक्याची एक तार जाळीच्या बाहेर चार-पाच इंच अंतरावर, जमिनीपासून सहा ते आठ इंच उंचीवर घ्यावी. हुंगायला पुढे आलेले ओले नाक तेथेच लागते. केसाळ अंगापेक्षा नाकाला बसलेला झटका प्राण्याच्या लक्षात राहतो. चढणाऱ्या मांजरासाठी दुसरी तार जाळीच्या वरच्या कडेला, बाहेर झुकवून द्यावी.

तार याहून खाली आणण्याचा मोह टाळावा. दक्षिण आफ्रिकेत जमिनीलगतच्या तारांवर कासवे मरत असल्याचे आढळले आहे, कारण कासव झटका बसताच पळत नाही, तेथेच अंग आत ओढून बसते आणि ठोके खात राहते. आपल्याकडील कासव व खवल्या मांजर यांचीही संरक्षणाची रीत तीच आहे. काटेरी तारेत झटका सोडणे तर सर्वथा वर्ज्य, कारण तीत अडकलेल्याला सुटता येत नाही.

काळी जमीन आणि अर्थिंग :

विक्रेते जे सांगत नाहीत ते येथे सांगणे आवश्यक आहे. झटका बसण्यासाठी वीज तारेतून प्राण्याच्या शरीरात, तेथून पायांवाटे जमिनीत आणि जमिनीतून यंत्राच्या अर्थिंगपर्यंत परत जावी लागते. या वाटेत सर्वांत कच्चा दुवा जमीन हा असतो. मराठवाड्यातील काळी जमीन पावसाळ्यात उत्तम वाहक असते. एप्रिल-मे महिन्यांत तिला भेगा पडतात, वरचा थर पूर्ण वाळतो आणि तेच यंत्र, तीच तार असूनही झटका जाणवेनासा होतो. यंत्र बिघडले असे समजून ते दुकानात परत नेले जाते, तेथे ते व्यवस्थित चालते!

यावर दोन उपाय आहेत. अर्थिंगच्या सळ्या चार ते सहा फूट खोल, शक्यतो न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, एकीऐवजी तीन अशा ठोकाव्यात. घराच्या विजेचे अर्थिंग यासाठी वापरू नये. दोन्हींत किमान दहा मीटर अंतर असावे. दुसरा उपाय म्हणजे जाळीलाच अर्थिंगची तार जोडणे. मग प्राण्याचे नाक तारेला आणि पाय वा अंग जाळीला लागले की कोरड्या जमिनीवरही झटका पूर्ण बसतो. उन्हाळा दीर्घ असलेल्या आपल्या भागात ही दुसरी पद्धत अधिक भरवशाची वाटते. पावसाळ्यातील अडचण निराळी आहे. हराळी व गाजरगवत वाढून तारेला टेकते आणि वीज गवतातूनच जमिनीत उतरते. तारेखालची पट्टी दर पंधरवड्याला साफ करावी लागते. तारेवर तीन हजार व्होल्टहून कमी दाब दिसू लागला तर प्रथम गवत पाहावे, मग यंत्र.

भिववण्याचे उपाय :

चकाकणाऱ्या फिती, जुन्या सीडी, लुकलुकणारे दिवे, बुजगावणे यांचा परिणाम होतो, परंतु तो थोडेच दिवस टिकतो. रोज त्याच जागी तीच वस्तू दिसली की प्राणी तिला सरावतो. दर तीन-चार दिवसांनी जागा बदलली तरच त्यांचा उपयोग आहे. घारीसाठी अधिक खात्रीचा उपाय म्हणजे परसावरून दीड-दोन फुटांच्या अंतराने आडव्या-उभ्या दोऱ्या ताणणे किंवा जुनी मासेमारीची जाळी पसरणे. चांगला शिकवलेला कुत्रा व कलकलाट करणाऱ्या दोन-चार गिनी कोंबड्या यांचा दिवसा फार उपयोग होतो. मुंगसाच्या वेळी जागे असणारे घरात दुसरे कोणी नसतेच.

कावळ्यांना धाक म्हणून मेलेला कावळा परसात टांगण्याची जुनी रीत मात्र आता बंद व्हावी. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडले आणि त्यांना बर्ड फ्लूची लागण झाल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे याच रोगाने कोंबड्या दगावल्या होत्या. मेलेला पक्षी हाताने उचलू नये, पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

कायद्याची बाजू :

मुंगूस, रानमांजर, कोल्हा व घोरपड हे सर्व वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत. विष घालणे, फास लावणे किंवा विजेने मारणे हा गुन्हा होय. पूर्वी काही प्राणी उपद्रवी म्हणून वेगळ्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच राहिली नाही. आकडा टाकून वीज घेणे हा विद्युत अधिनियम २००३ प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्या तारेने माणूस दगावल्यास फौजदारी जबाबदारी तार लावणाऱ्यावर येते. याच प्राण्यांच्या आहारात कोंबडीपेक्षा उंदीर कितीतरी अधिक असतात, ही गोष्ट सोयाबीनची पोती घरात ठेवणाऱ्याने विचारात घ्यावी.

एखादा वन्यप्राणी खुराड्यात सापडलाच, तर त्याला न मारता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. नाग असल्यास दार लोटून घ्यावे आणि मदत येईपर्यंत अंडी काढण्यासाठी कोणी हात आत घालणार नाही, याची काळजी घ्यावी.